अर्ध्यावर थांबलेला लॅपटॉप आणि पेढीचा हिशेब

महिन्याची २० तारीख व्यापाऱ्याच्या घरात वेगळी सांगावी लागत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या बहुतेक पेढ्यांसाठी मागील महिन्याचे जीएसटीआर-३बी भरण्याचा तो अखेरचा दिवस असतो. नेमक्या त्याच दिवशी दुकान उघडावे, लॅपटॉपची कळ दाबावी, पडद्यावर विंडोजचे चिन्ह उमटावे, त्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागावे आणि ते फिरतच राहावे, हा अनुभव आज अनेक पेढ्यांना परिचयाचा झाला आहे.

उदाहरणादाखल इचलकरंजीतील एखादी कापडाची पेढी डोळ्यांसमोर आणावी. काका गादीवर बसलेले, पुतण्या लॅपटॉपसमोर, दिवाणजी हातात बिलांची फाइल घेऊन उभे. अर्धा तास झाला तरी वर्तुळ फिरतेच आहे.

“काका, माझ्या ओळखीचा एक जण आहे. फॉरमॅट मारून तासाभरात परत देतो म्हणतो.”

“आणि आतला हिशेब?”

पुतण्या गप्प राहतो. काका दिवाणजींकडे वळतात. “शेवटचा बॅकअप कधी घेतला होता?”

“दिवाळीच्या आधी घेतला होता, शेठ.”

“मग थांबा. कोणीही घाई करू नका.”

काकांचे हे ‘थांबा’ हाच अशा प्रसंगातील पहिला आणि सर्वांत मोलाचा उपाय होय. लॅपटॉप बाजारात नवा मिळतो. त्यातील येणी-देणी, मालाचा साठा आणि खतावणी कोणत्याही दुकानात मिळत नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. ‘लॅपटॉप बिघडला’ या सबबीने ती जबाबदारी संपत नाही. म्हणून आधी हिशेब सुरक्षित करावा आणि मग यंत्र दुरुस्त करावे. हा क्रम उलटला की तासाभराच्या सोयीपायी अनेक वर्षांची नोंद गमावण्याची वेळ येते.

आधी मुदतीचा गुंता सोडवावा

घाईचे मूळ बहुधा मुदतीत असते. विवरणपत्र उशिरा भरल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते. कर भरणा राहिला असल्यास वार्षिक १८ टक्के दराने व्याजही द्यावे लागते. परंतु विवरणपत्र भरण्याची जागा लॅपटॉपमध्ये नसून शासनाच्या पोर्टलवर असते, हे गडबडीत विसरले जाते. त्या महिन्याचे जीएसटीआर-१ आधीच भरले असेल, तर विक्रीवरील कराचे आकडे ३बी मध्ये आपोआप आलेले असतात. खरेदीवरील कराचे आकडे २बी मध्ये दिसतात. घरातील दुसऱ्या संगणकावरून किंवा कर सल्लागाराच्या कार्यालयातून हे काम होऊ शकते. मालकी व भागीदारी पेढीला नोंदणीकृत मोबाइलवरील ओटीपी पुरतो. कंपनीला डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागते आणि तेही दुसऱ्या संगणकाला जोडता येते.

काका दिवाणजींना बिलांच्या फाइलसह सल्लागाराकडे पाठवतात. २० तारखेचे ओझे उतरले की बिघाडाकडे शांतपणे पाहता येते.

यंत्र जागे कसे होते

संगणक सुरू होण्याला इंग्रजीत ‘बूट’ होणे म्हणतात. हा शब्द ‘बूटस्ट्रॅप’ वरून आला. बुटाला मागे असलेला पट्टा धरून स्वतःच स्वतःला वर उचलावे, तसे हे काम आहे. कारण कोणताही कार्यक्रम स्मृतीत आणण्यासाठी आधी दुसरा एखादा कार्यक्रम चालू असावा लागतो. म्हणून यंत्र पायरी-पायरीने जागे होते. प्रथम मुख्य पटलावरील लहानसा कार्यक्रम रॅम, कीबोर्ड व डिस्क यांची हजेरी घेतो. मग तो डिस्कवरील विंडोजच्या आरंभक कार्यक्रमाकडे सूत्रे सोपवतो. तो विंडोजचा गाभा आणि निरनिराळ्या भागांना चालवणारे ‘ड्रायव्हर’ स्मृतीत आणतो. त्यानंतर पासवर्ड विचारला जातो आणि शेवटी टॅली, प्रिंटर, अँटिव्हायरस आदी मंडळी कामावर हजर होतात.

हा क्रम ध्यानात घेतला की निम्मे निदान घरीच होते. लॅपटॉप ज्या पायरीवर अडतो, त्या पायरीजवळ दोष शोधावा.

कोठे थांबला, ते पाहावे

कळ दाबूनही दिवा लागत नाही, पंखाही फिरत नाही, तर दोष विजेच्या वाटेवर असतो. दुसऱ्या खोलीतील सॉकेट व शक्य असल्यास त्याच मॉडेलचा दुसरा चार्जर लावून पाहावा. त्यानेही न भागल्यास चार्जर काढावा आणि सुरू करण्याची कळ सुमारे ३० सेकंद दाबून धरावी. त्यामुळे आतील शिल्लक विद्युतभार निघून जातो. मग चार्जर लावून पुन्हा सुरू करावे. अनेकदा एवढ्यावर काम होते.

दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण पडदा काळाच राहतो, तर संशय रॅमवर किंवा पडद्यावर घ्यावा. अशा वेळी अनेक लॅपटॉप ठरावीक वेळा ‘बीप’ वाजवतात किंवा दिवा ठरावीक वेळा उघडझाप करतो. ती संख्या मोजून लिहून ठेवावी. तिचा अर्थ त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि कारागिराचाही वेळ वाचतो. घरातील टीव्हीला एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडून पाहावा. टीव्हीवर चित्र आले, तर यंत्र चालू आहे आणि केवळ त्याचा पडदा गेला आहे. हिशेब त्याच क्षणी उतरवून घेता येतो.

उत्पादकाचे चिन्ह दिसून तेथेच सारे थांबले, तर बाहेरून जोडलेल्या सर्व वस्तू काढाव्यात. प्रिंटर, बारकोड यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि विसरून राहिलेला पेनड्राइव्ह. कित्येकदा यंत्र त्या पेनड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसलेले असते. ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर डिस्कची जोडणी सैल झाली आहे किंवा डिस्कच निकामी होऊ लागली आहे. जुन्या हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर लॅपटॉप तत्काळ बंद करावा. प्रत्येक वेळी पुन्हा सुरू केल्याने उरलेली माहिती अधिक धोक्यात येते. ती माहिती परत मिळवण्याचे काम त्यातील जाणकाराकडेच सोपवावे.

विंडोजचे चिन्ह येऊन ठिपके फिरत राहिले, तर यंत्राचे अवयव बहुधा ठीक असून विंडोजची घडी विस्कटलेली असते. अर्धवट राहिलेले अपडेट, बिघडलेला ड्रायव्हर, काठोकाठ भरलेला सी-ड्राइव्ह ही त्याची नेहमीची कारणे होत. डिस्क थकली असली तरी हेच चित्र दिसते.

पासवर्ड टाकल्यावर काळ्या पडद्यावर नुसता बाण दिसू लागला, तर यंत्र जवळजवळ शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचलेले असते. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यास ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. तेथे नवे काम सुरू करण्याच्या चौकटीत ‘एक्सप्लोरर’ हे नाव इंग्रजीत टंकले की नेहमीचा पडदा पुष्कळदा परत येतो.

काकांच्या पेढीवर ठिपके फिरत होते. दिवाणजींनी जाता जाता एक गोष्ट सांगितली होती. “काल संध्याकाळी अपडेट चालू होते, शेठ. मध्येच वीज गेली आणि लॅपटॉपही बंद पडला.”

निदानाचा धागा येथे सापडतो. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी तो चालू राहायला हवा. पण वर्षानुवर्षे चार्जरला जोडूनच वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी अनेकदा संपून गेलेली असते आणि कोणाला ते कळतही नाही. मग वीज गेली की तो जुन्या डेस्कटॉपसारखा क्षणात बंद पडतो. ते अपडेटच्या मध्यावर घडले, तर पुढचा प्रारंभ अर्ध्यावर अडू शकतो. बॅटरी फुगून तळ किंवा कीबोर्ड वर आला असेल, तर लॅपटॉप वापरणे थांबवावे. ती बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि ती बदलण्याचे काम कारागिराकडूनच करून घ्यावे.

दुरुस्तीच्या दालनात प्रवेश

अपडेट चालू असल्याचा, लॅपटॉप बंद करू नये असे सांगणारा संदेश पडद्यावर असेल, तर त्याचे ऐकावे. जुन्या, मंद डिस्कवर त्याला तास-दोन तासही लागू शकतात. संदेश नाही, डिस्कचा दिवाही लुकलुकत नाही आणि बराच वेळ तसाच गेला, तरच पुढचे पाऊल टाकावे.

विंडोज १० व ११ मध्ये दुरुस्तीचे एक स्वतंत्र दालन असते. सलग दोन वेळा प्रारंभ फसला की पुढच्या वेळी विंडोज स्वतःहून तिकडे वळते. ते आपोआप न घडल्यास कळ सुमारे १० सेकंद दाबून लॅपटॉप बंद करावा, पुन्हा सुरू करावा, चिन्ह दिसताच पुन्हा बंद करावा. असे दोनदा केल्यावर तिसऱ्या वेळी तसेच चालू द्यावे. ‘स्वयंचलित दुरुस्ती’ अशा अर्थाचा संदेश येऊन पर्यायांची यादी समोर येते.

त्या यादीत प्रारंभ दुरुस्त करणारा ‘स्टार्टअप रिपेअर’, अलीकडचे अपडेट काढण्याची सोय, आधीच्या तारखेच्या स्थितीवर नेणारा ‘सिस्टिम रिस्टोअर’ आणि मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारा ‘सेफ मोड’ ही साधने असतात. त्याच यादीत ‘रिसेट’ हा पर्यायही असतो आणि सावधगिरी तेथे हवी. ‘फाइल्स ठेवा’ असे निवडले तरी टॅलीसारखे कार्यक्रम काढून टाकले जातात. त्या कार्यक्रमांच्या फोल्डरमध्येच ठेवलेला हिशेब वाचेल, या भरवशावर राहू नये. हिशेबाची प्रत हाती येईपर्यंत ‘रिसेट’ला स्पर्श न करणे हेच शहाणपणाचे.

४८ अंकांची किल्ली

पुतण्या दुरुस्तीच्या दालनात पोहोचतो आणि लॅपटॉप ४८ अंकी किल्ली मागतो. ही किल्ली आपल्याकडे आहे, हेही कोणास ठाऊक नसते.

नव्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कवरील सर्व माहिती ‘बिटलॉकर’ या व्यवस्थेने कुलूपबंद असते. लॅपटॉप चोरीस गेला तरी परक्याला हिशेब वाचता येऊ नये, हा त्यामागील हेतू. रोजच्या वापरात हे कुलूप जाणवत नाही. बिघाड झाला, डिस्क काढून दुसरीकडे जोडली किंवा दुरुस्तीचे काही पर्याय निवडले की ते किल्ली मागते. किल्ली नसेल, तर मालकालाही स्वतःचीच माहिती उघडता येत नाही आणि उत्तम कारागीरही तेथे हतबल ठरतो.

या किल्लीचे मोल साऱ्या जगाने १९ जुलै २०२४ रोजी अनुभवले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा क्षेत्रातील कंपनीने धाडलेल्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरूच होईनात. भारतातील विमानतळांवरही त्याचा फटका बसला आणि काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय तसा लहान होता. सेफ मोडमध्ये किंवा दुरुस्तीच्या दालनात जाऊन एक सदोष फाइल काढून टाकायची. परंतु कुलूपबंद संगणकांवर तेथे पोहोचण्यासाठी आधी ४८ अंकी किल्ली हवी होती. बलाढ्य संस्थांनाही त्या दिवशी एकेका यंत्राची किल्ली शोधत बसावे लागले.

ही किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप प्रथम सुरू केला, त्या खात्यात जमा असते. म्हणून विचारायचा प्रश्न एकच. लॅपटॉप आणला, त्या दिवशी कोणाचा ई-मेल टाकला होता? काकांना आठवते की दुकानाचा लॅपटॉप सुनेने सुरू करून दिला होता. ते घरी फोन लावतात.

“थांबा बाबा, माझ्या मोबाइलवरच बघते,” सून म्हणते. खात्यात तीन किल्ल्या दिसतात. पडद्यावरील ओळख क्रमांकाची पहिली आठ अक्षरे तिला वाचून दाखवली जातात, त्यावरून नेमकी किल्ली सापडते. दोन मिनिटांत कुलूप उघडते.

आधी हिशेब बाहेर काढावा

कुलूप उघडल्यावरही दुरुस्तीची घाई करू नये. दुरुस्तीच्या दालनात ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी असते. तेथे ‘नोटपॅड’ हा शब्द इंग्रजीत टंकून एंटर दाबावे. उघडलेल्या खिडकीत ‘फाइल’ व नंतर ‘ओपन’ निवडावे आणि सर्व प्रकारच्या फाइल दिसतील असा पर्याय घ्यावा. आता लॅपटॉपमधील फोल्डर दिसू लागतात. टॅलीचा हिशेब ‘डेटा’ फोल्डरमध्ये, अंकांचे नाव असलेल्या उपफोल्डरात असतो. त्यावर उजवी कळ दाबून ‘कॉपी’ करावे आणि रिकाम्या पेनड्राइव्हमध्ये ‘पेस्ट’ करावे. येथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, नेहमीचा सी-ड्राइव्ह डी या नावाने दिसल्यास घाबरू नये. प्रत उतरत असताना खिडकी गोठल्यासारखी वाटते. काम पूर्ण होईपर्यंत धीर धरावा.

प्रत झाली की दुसऱ्या संगणकावरील टॅलीत ती उघडून पाहावी. कालची शिल्लक जुळली, तरच हिशेब सुरक्षित आहे असे म्हणावे.

काकांच्या पेढीवर शिल्लक जुळली. त्यानंतरच पुतण्याने अर्धवट राहिलेले अपडेट काढून टाकण्याचा पर्याय निवडला. पाऊण तासाने लॅपटॉप पासवर्ड विचारू लागला. तोवर दिवाणजींचा फोनही आला होता, “विवरणपत्र भरून झाले, शेठ.”

कारागिराकडे देताना

प्रत्येक बिघाड घरी निस्तरत नाही, आणि तसा हट्टही धरू नये. मात्र लॅपटॉप दुरुस्तीला देताना काही पथ्ये पाळावीत. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक आणि ‘मालकाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे वाक्य लिहून घ्यावे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन सोबत देऊ नये. ब्राउझरमध्ये बँकेचे पासवर्ड साठवलेले असतील, तर ते दुसऱ्या यंत्रावरून त्याच दिवशी बदलावेत. लॅपटॉप बंद पडला म्हणून मोबाइलवर ‘कस्टमर केअर’चा क्रमांक शोधताना विशेष जपावे. उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरील किंवा खरेदीच्या बिलावरील क्रमांकच वापरावा. लॅपटॉप दुरुस्त करण्यासाठी बँकेचा ओटीपी कधीही लागत नाही.

यंत्र फार जुने असेल, तर खर्चाचा ताळेबंदही मांडावा. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही, त्यावर मोठी रक्कम खर्च करून पुन्हा पेढीचा हिशेब ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दुकान वाढवण्यापूर्वी

पूर्वी रोजमेळाची शिल्लक जुळल्याशिवाय दुकान वाढवण्याची रीत नव्हती. दिव्याच्या उजेडात चार आण्यांचा फरक शोधत बसलेले आजोबा अनेक घरांतील आठवणींत आहेत. वही कपाटात गेली की दिवस संपत असे. हिशेब वहीतून पडद्यावर आला, तेव्हा बेरीज-वजाबाकीचे कष्ट संपले. भारतातील असंख्य पेढ्यांवर चालणारी टॅलीही एका व्यापारी घराच्याच गरजेतून जन्मली. श्यामसुंदर गोयंका यांना स्वतःच्या व्यवसायाचा हिशेब ठेवील असा कार्यक्रम मिळेना, म्हणून त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी तो तयार केला. कष्ट कमी झाले, पण त्यांच्यासोबत दिवसाअखेरीची ती शिस्तही सुटली.

ती परत आणण्यास दहा मिनिटे पुरतात. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ‘३-२-१’ हा नियम जगभर मानला जातो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. पेढीच्या भाषेत सांगायचे, तर एक प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर, तिसरी घरच्या संगणकावर अथवा क्लाउडवर. पेनड्राइव्ह लॅपटॉपलाच लावून ठेवू नये, कारण एकाच आपत्तीत दोन्ही जातात. महिन्यातून एकदा प्रत उघडून पाहावी. टॅलीला ‘व्हॉल्ट’चा पासवर्ड असेल, तर तोही लिहून ठेवावा. तो विसरल्यास प्रत असूनही हिशेब उघडत नाही.

काकांच्या पेढीवर त्या आठवड्यात लॅपटॉपची बॅटरी बदलली गेली. सुनेने ४८ अंकी किल्ली एका कागदावर छापून आणली. काकांनी ती पाकिटात घातली, पाकिटावर लॅपटॉपचा अनुक्रमांक लिहिला आणि घरच्या कपाटात, जुन्या वह्यांच्या शेजारी ठेवले. आता रोज रात्री दिवे मालवण्यापूर्वी काका तोच एक प्रश्न विचारतात.

“दिवाणजी, आजची प्रत झाली?”

“झाली, शेठ. शिल्लकही जुळली.”

मगच दुकान वाढते.